खालच्या पट्ट्यातली शून्यं

चारकोप, ६ जानेवारी २०२६

ताई,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, आईच्या फोनवरूनही, म्हणून कागद आणला. दुकानदाराने विचारलं, रेघांचा की कोरा, तर मला पाच मिनिटं ठरवताच येईना. शेवटी रेघांचा घेतला. कोऱ्यावर माझं अक्षर डोंगर चढतं, तुला माहीतच आहे. पत्र नितेशकडे देतोय, फेरीबोटीवर अजून तोच असतो. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

मी सप्टेंबरपासून मुंबईत आहे. खाडीच्या या बाजूला. गोराईच्या धक्क्यावरून माझा सेक्टर बोट दाखवून सांगता येईल इतका जवळ. चार महिने झाले आणि घरी आलो नाही, हे खरं आहे.

त्याआधी कुठे होतो ते तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. मनालीच्या वर सफरचंदाच्या पेट्या भरल्या. तिथे एक पट्टा असतो, त्याला लहान-मोठी भोकं. सफरचंदं घरंगळत जातात आणि आपापल्या मापाच्या भोकात पडतात. मी ते बघत उभा राहायचो आणि मुकादम ओरडायचा. मग गोव्यात भांडी घासली. मग कंटाळा आला. हे वाक्य माझ्या आयुष्यात किती वेळा येतं ते मोजायला हवं.

तर मोजण्यावरूनच. शाळेतला सम्यक आठवतो? गणिताच्या पेपरला माझ्या पुढे बसायचा आणि पाठ जरा तिरकी करायचा, म्हणून मी पास झालो. त्याच्याच खोलीवर राहतोय. तो मालाडला एका छोट्या संस्थेत कॉम्प्युटरवर काम करतो. टाइल्सच्या दुकानाच्या वर ऑफिस आहे. एक फ्रीज आहे, त्यात एकाच कप्प्यात चिखलाच्या बाटल्या आणि नीलम मॅडमचा दहीभात. मॅडम त्या सगळ्याच्या प्रमुख. जीवशास्त्रात डॉक्टर आहेत, पण दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतात. मला वाटलं होतं जीवशास्त्र म्हणजे बेडूक कापणं. इथे कोणी काही कापत नाही.

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एक चिखल बनवलाय. खरं सांगतो. पडद्यावर तीन पट्टे आहेत: वरचा, मधला, खालचा. त्यात हजारो ठिपके, आणि एकेक ठिपका म्हणजे एकेक तिसरी, शिंपली मिटून बसलेली. प्रत्येकीला वय आहे, माप आहे. कॉम्प्युटर रोज प्रत्येकीसाठी फासा टाकतो: ही आज वाढेल का, हिला पक्षी खाईल का, ही अंडी सोडेल का. एक वर्ष चाळीस सेकंदांत संपतं. मी पहिल्या दिवशी एक ठिपका निवडून त्याच्यावर नजर ठेवली. अकराव्या सेकंदाला गेला. मला चहा गोड लागेना, आणि सम्यक म्हणतो, "अरे येड्या, तो आकडा आहे."

त्या सगळ्या मांडणीला ते मॉडेल म्हणतात. त्यात खेकड्यांचं एक अक्षर आहे, पक्ष्यांचं एक. आणि एक अक्षर आहे 'ह'. ह म्हणजे हात. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायका. मी बराच वेळ त्या अक्षराकडे बघत बसलो होतो. तू त्यात आहेस ना.

हो, तो चिखल आपलाच आहे. गोराईच्या अलीकडचा, तुम्ही सोळा-सतरा जणी उतरता तो. मी तिथे जाऊन मोजतो आणि माझे आकडे त्या मॉडेलला खायला घालतात.

आता मुद्दा. सप्टेंबरपासून रेघ खाली चाललीय. खालचा पट्टा तर जवळजवळ संपलाय असं दिसतं, आणि मोठ्या तिसऱ्या, अंडी सोडणाऱ्या, तिथेच असतात. त्या गेल्या की पुढच्या दोन वर्षांत सगळंच गेलं, असं पडदा सांगतो. मॅडम जानेवारीअखेर शिफारस पाठवणार आहेत: दोन वर्षं चिखल बंद, कोणी हात घालायचा नाही. त्यांचं ऐकतात वरचे लोक.

तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

दिप्या

चारकोप, १२ जानेवारी

ताई,

नितेशला विचारलं, "दिलंस का?"

"दिलं. माझ्यासमोर वाचलं, ओट्यावर बसून. मधे एकदा हसली."

"कुठे?"

"मला काय माहीत कुठे. मी काय फोडून वाचतो काय रे?" मग सुतळी गुंडाळत म्हणाला, "निरोप आहे तुला. म्हणाली, चिखलात काय आहे ते चिखलाला विचार म्हणावं. आम्ही गेल्या आठवड्यात टोपल्या भरभरून आणल्या. त्यातल्या मोठ्या बघायच्या असतील तर बाजारात ये, तुझा कॉम्प्युटर घेऊन."

तुझी बोलायची पद्धत नितेशच्या तोंडून ऐकायला मजा वाटली, पण त्या निरोपाने माझं डोकं फिरलं. गेल्या आठवड्यात टोपल्या भरल्या? २८ डिसेंबरला मी खालच्या पट्ट्यात शून्य लिहिलंय. त्याच्या आधी १४ डिसेंबरला पण शून्य. आणि काल ११ तारखेला पुन्हा गेलो, पुन्हा शून्य.

सम्यकला सांगितलं. तो म्हणाला, "होतं असं. संपत येतात तेव्हा लोक जास्त खणतात, म्हणून टोपली भरलेली दिसते. मॉडेलमध्ये आहे ते." आणि त्याने दाखवलंसुद्धा, आकडा बदलून. त्याचं असंच असतं, कोणताही प्रश्न विचारा, त्याच्याकडे त्याचा आलेख असतो. मला पटलं. मग जिना उतरताना पटेनासं झालं.

कारण तू टोपलीत मोठ्या असं म्हणालीस. मोठ्या वरच्या पट्ट्यात नसतातच.

मी मोजतो कसं ते सांगतो. पाण्याच्या पाइपचा एक चौकोन आहे. तो चिखलावर टाकायचा, आतला चिखल वीतभर खोल काढायचा, चाळणीत धुवायचा, राहतील त्या मोजायच्या. प्रत्येक पट्ट्यात दहा चौकोन. मधेच मी निवट्या बघत बसतो. तो मासा असून चिखलावर चालतो, आणि भांडताना पाठीवरचा पंखा उघडतो, आपल्या गल्लीतल्यांसारखा. एकदा त्या नादात माझा चौकोन वाहून गेला होता. असो.

दर दुसऱ्या रविवारी जातो. रविवार का, तर बाकीचे दिवस ऑफिसात बाटल्या धुवायच्या असतात. फोनवर ओहोटीची वेळ बघायची आणि त्या वेळेला उतरायचं. सकाळची असो, दुपारची असो. फोन पिशवीत बांधून बांधावर ठेवतो, चिखल लागू नये म्हणून, आणि आकडे परत आल्यावर भरतो. फॉर्ममध्ये तिन्ही पट्टे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. रकाना मोकळा ठेवला की लाल होतो. शून्य टाकलं की जातो.

आणि खालचा पट्टा गेल्या तीन वेळा पाण्याखाली होता. कमरेइतकं पाणी. म्हणून शून्य टाकलं.

हे लिहिताना सोपं वाटत होतं. आता वाचलं तर सोपं वाटत नाहीये.

दिपेश

चारकोप, १५ जानेवारी

ताई,

काल दाढी करायला गेलो होतो. सलूनमध्ये गर्दी होती आणि भिंतीवर अजून जुनंच कॅलेंडर, डिसेंबरचं पान वर. माझ्यासमोर तासभर तेच. बघता बघता २८ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात दिसलं: अष्टमी. मी उठलो आणि पानं मागे उलटायला लागलो. न्हावी म्हणतो, "भाई, दाढी करनी है या मुहूर्त निकालना है?"

कागदावर लिहून घेतलं, तसंच उतरवतो. पहिला रविवार, २१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या. त्यानंतरचे दोन, त्रयोदशी. मग दोन, द्वादशी. मग दोन, दशमी. मग २८ डिसेंबर, अष्टमी.

तुला पुढचं लिहायची गरज नाही, तू हसायला लागली असशील. अमावस्येला उधाण, पाणी लांब मागे जातं, खालचा पट्टा उघडा पडतो. अष्टमीला भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. दर चौदा दिवसांनी जायचो, पण उधाण काही चौदा दिवसांनी येत नाही, पाऊण दिवस उशिराने येतं. त्यामुळे माझा रविवार हळूहळू घसरत उधाणावरून भांगावर आला. मी फोनवर ओहोटी किती वाजता ते बघत होतो, पाणी किती खाली जाणार ते बघतच नव्हतो. शेजारीच लिहिलेलं असतं, मीटरमध्ये.

नोव्हेंबरात पाणी थोडं थोडं अडवायला लागलं तेव्हा मी चौकोन पाण्याच्या कडेला टाकायचो आणि त्यालाच खालचा पट्टा म्हणायचो. छेचाळीसचे बावीस झाले, बावीसचे सहा. मग पाणी इतकं वर राहिलं की शून्य. मॉडेलने काय करावं? त्याला मी सांगितलं आया मेल्या, त्याने हिशेब केला की पोरं होणार नाहीत.

अजून एक. फॉर्ममध्ये हात किती, हेही भरायचं असतं. म्हणजे त्या दिवशी किती बायका उतरल्या. सप्टेंबरात चौदा लिहिल्या. डिसेंबरात शून्य. मॅडमनी त्याचा अर्थ काढला की तिसऱ्याच नाहीत म्हणून बायकांनी येणं सोडलं. भांगाला कोण येडी चिखलात येईल, हे त्यांना कोण सांगणार? सांगणारा मीच होतो.

बाबांची पाऊणकी आठवते तुला? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. होडी लोटताना तोंडातल्या तोंडात करायचे. मला चौथीत त्यांनी ती पाठ करून घेतली होती, आणि मी सम्यकला मॉडेल म्हणजे काय असं विचारत चार महिने काढले.

आता जे आधी लिहिलं नाही ते. मला कळलं नव्हतं असं नाही. १६ नोव्हेंबरला एक बाई बांधावरून जाताना ओरडली, "आज कशाला आलायस रे, दोन दिवसांनी ये, पाणी लांब जाईल." मी टोपी खाली ओढली. आवाज ओळखीचा होता, आपल्या आळीतला. ओळखतील म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून जायचो, आणि भांगाला तुम्ही कोणीच नसायचात तेव्हा मला बरं वाटायचं. ते बरं वाटणंच मी शून्य म्हणून भरत होतो.

मॅडमना अजून सांगितलेलं नाही. बॅग भरली आहे. कोल्हापूरला एकाकडे काम आहे म्हणतात, गुऱ्हाळावर. हंगाम चालू आहे. लिहिताना बॅग दिसतेय.

मला आधीची बॅगही आठवतेय. तुझा बोरिवलीचा लॅबचा कोर्स सुरू होणार होता, आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि मी म्हणालो होतो, तीन महिने मी आईजवळ थांबतो, तू जा. नवव्या दिवशी गेलो. मित्राची बाइक रिकामी होती, बाकी कारण काही नाही. तू कोर्स सोडलास आणि चिखलात उतरलीस. आणि आता तो चिखलही माझ्याच हाताने बंद होतोय.

दिपेश

गोराई, १६ जानेवारी

दिपेश,

तिन्ही पत्रं वाचली. आईला दाखवली नाहीत.

कोल्हापूरला जायचं तर जा. पण आधी त्या मॅडमना सांग आणि मग जा. सतरा घरं आहेत. आमच्या वतीने मी येऊन सांगू शकते, पण मग ते म्हणतील बायका आपल्या पोटासाठी बोलतात. तू लिहिलंस ते तूच खोडायला हवं.

मंगळवारी बीज आहे. साडेसातला पाणी सगळ्यात लांब असेल. ज्यांना मोजायचंय त्यांनी यावं. गमबूट घालू नका, रुततात. अनवाणी या.

कल्पिता

चारकोप, १८ जानेवारी

ताई,

सांगितलं. काल, शनिवारी.

मॅडम दहीभात खात होत्या. मी म्हणालो, "मॅडम, खालच्या पट्ट्यातली शून्यं खोटी आहेत." माझ्या मनात यापेक्षा लांब सुरुवात होती, पण तीच बाहेर पडली.

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "खोटी म्हणजे? गेलाच नव्हतास?"

"गेलो होतो. पण पाणी होतं."

"मग शून्य का?"

"रकाना मोकळा ठेवला की लाल होतो."

सम्यक मागच्या खुर्चीवर होता. तो जे बोलला ते मी लिहीत नाही, आई वाचेल कधीतरी. थोडक्यात, चार महिने त्याने माझ्या शून्यांवर इमारत बांधली होती आणि पुढच्या महिन्यात ती बेंगळुरूला जाऊन दाखवणार होता. मी म्हटलं, "सॉरी यार." तो म्हणाला, "तू शाळेत माझ्या पाठीवरून बरोबर उत्तरं उतरवायचास रे. इथे मी तुझी चुकीची उतरवली." आणि बाहेर गेला. अजून नीट बोलत नाही. खोली त्याचीच आहे, म्हणून मी जरा भिंतीला धरून झोपतो.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा सलूनमधला कागद मागितला, तारखा आणि तिथी समोर घेऊन बसल्या आणि त्यांनी प्रत्येक रविवारचं पाणी किती मीटर होतं ते शोधून काढलं. दीड तास. शेवटी आकड्यांची एक रेघ काढली. माझ्या तिसऱ्यांची रेघ आणि पाण्याची रेघ, एकमेकींवर ठेवली तर जुळ्या बहिणी.

"म्हणजे आपण चार महिने तिसऱ्या मोजल्याच नाहीत," त्या म्हणाल्या. "आपण चंद्र मोजला."

मग स्वतःशीच, "फॉर्म मी बनवला. मोकळा रकाना मीच बंद केला होता. मुलं आळस करतील म्हणून." आणि माझ्याकडे बघून, "त्या नोव्हेंबरातल्या बाईंचं मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

मी तिथेच सगळं सांगितलं. रुमाल, टोपी, तू, आई, बाइक. त्या मधेच म्हणाल्या, "एवढं नको होतं मला," पण थांबवलं नाही.

मी विचारलं, "मला काढून टाकणार का?"

"मंगळवारनंतर बघू. मंगळवारी मोजायला माणसं लागतील."

तुझी चिठ्ठी त्यांना दाखवली. गमबुटांचं वाचून त्यांनी पायाकडे बघितलं.

बॅग अजून भरलेलीच आहे, पण पलंगाखाली सरकवली.

दिपेश

चारकोप, २२ जानेवारी

ताई,

परवा तू होतीसच तिथे, मग लिहायचं कशाला? कारण तिथे मी बोललो नाही, आणि तू बोललीस ते फक्त आकडे.

मी चौकोन टाकायचा, तू खणायचीस, चाळण पाण्यात हलवायचीस आणि माझ्याकडे न बघता म्हणायचीस, "एकतीस." मी लिहायचो. "छत्तीस." मी लिहायचो. दोन वर्षांनी तुझ्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द एकतीस आहे. मधे एकदा मी चुकून एकोणतीस लिहिलं तर तू चाळण उलटी केलीस आणि सगळ्या पुन्हा मोजायला लावल्यास. बाकी बायका हसत होत्या. "कल्पिता, भावाला कान धरून शिकव गं." आणि नीलम मॅडम गुडघ्यापर्यंत रुतून उभ्या, साडी खोचलेली, तुम्हाला विचारतायत, हात कुठे घालायचा ते आधी कसं कळतं. तुझं उत्तर मी ऐकलं: "जोडीची भोकं दिसतात तिथे ती खाली बसलेली असते. एकच भोक असेल तर किडा." मॅडमनी ते हातावर पेनाने लिहून घेतलं.

तू मोजताना ज्या छोट्या होत्या त्या बोटाच्या नखाला लावून बाजूला काढत होतीस. तुला कोणी सांगितलं नव्हतं. मला लॅबचा कोर्स आठवला आणि मी पाण्याकडे बघितलं.

आता आकडे. खालच्या पट्ट्यात दहा चौकोनांची सरासरी तेहतीस आली. शून्य नाही, शून्याच्या जवळपासही नाही. दोन वर्षं बंदची शिफारस जाणार नाही. मॅडमनी काल ती फाइल माझ्यासमोर बाजूला काढली. सतरा घरांना हे सांग.

इथे पत्र संपवलं असतं तर तुला आनंद झाला असता. पण सप्टेंबरात तिथेच छेचाळीस होत्या, तेव्हाही उधाण होतं, आणि तो आकडा खरा आहे. त्यातल्या नखाएवढ्या, चौकोनामागे, अठरा होत्या. परवा नखाएवढ्या पाच. मी तुझ्या बाजूला काढलेल्या पुन्हा मोजल्या. पाचच.

सम्यकने शून्यं काढून तिथे मोकळी जागा ठेवली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. रेघ आता कोसळत नाही, पण उतरते. हळू. मी त्याला म्हटलं, जरा थांब, अजून एकदा चालव, फासे वेगळे पडतील. त्याने दोनशे वेळा चालवलं. दोनशे रेघा, केसांच्या बटेसारख्या, आणि बहुतेक सगळ्या उतरणाऱ्या. मॅडम म्हणतात, बारीक तिसऱ्या या ऋतूत कमी असतीलही, वर्षभर मोजल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही.

मी एकदा खोटा आकडा दिला, म्हणून हा लपवत नाही.

दिपेश

चारकोप, २७ जानेवारी

ताई,

तू काही कळवलं नाहीस. नितेश म्हणाला, "वाचून घडी घातली आणि टोपलीखाली ठेवली." एवढंच.

हे पत्र मॅडमच्या सांगण्यावरून आहे. म्हणजे प्रश्न त्यांचा आहे, अक्षर माझं. त्यांना स्वतः यायचं होतं, मी म्हणालो, आधी मी विचारतो.

त्यांनी मॉडेलमध्ये 'ह'चा आकडा वेगवेगळ्या तऱ्हेने बदलून बघितला. सगळा चिखल बंद केला तर रेघ वर जाते, पण तशी शिफारस त्या करणार नाहीत. काहीच केलं नाही तर उतरत राहते. आणि फक्त खालचा पट्टा फेब्रुवारी, मार्च, एप्रिल सोडला, वर आणि मधे हात चालू ठेवले, तर ती सरळ होते. सरळच, वर नाही. त्या मला दोनदा म्हणाल्या, "हा अंदाज आहे, भविष्य नाही. त्यांना असंच सांग."

आता खालचा पट्टा सोडायचा म्हणजे काय ते मला माहीत आहे. मोठ्या तिथेच असतात आणि बाजारात मोठ्यांनाच भाव आहे. तीन महिने तुझी टोपली हलकी होणार, आणि ते सांगणारा पुन्हा मी.

तुम्ही नाही म्हणालात तर मॅडम कोणाकडे काही पाठवणार नाहीत, वर्षभर नुसतं मोजणार. हो म्हणालात तर ते तुमचं ठरलेलं म्हणून जाईल, बंदी म्हणून नाही. हो म्हण असं मी लिहिणार नाही. मला तेवढा अधिकार उरलेला नाही.

माझं काय ते: काढलं नाही. मॅडम म्हणाल्या, जानेवारी ते जानेवारी, तिथीने मोजायचं, उधाणाच्या बीजेला आणि तीजेला, एकही चुकवायची नाही. मी हो म्हणालो. वर्षभर एका जागी कधी राहिलोय मी? गंमत म्हणजे मला जायची इच्छाच होत नाहीये. त्या नखाएवढ्या पाचांतल्या किती जणी मोठ्या होतात ते मला बघायचंय.

पुढची बीज ३ फेब्रुवारीला, मंगळवारी. मी येणार. तुझ्याबरोबर की बांधाच्या दुसऱ्या टोकाला, ते तू सांग.

दिपेश

गोराई, ३० जानेवारी

दिपेश,

काल सगळ्या आमच्या ओट्यावर जमल्या होत्या. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. दोघी भांडून उठून गेल्या, परत आल्या.

बारीक कमी झाल्यात हे आम्हाला गेल्या वर्षापासून दिसतंय. एकमेकींना कोणी बोलत नव्हतं. आपण थांबलो आणि दुसरीने काढल्या तर, म्हणून.

तीन महिने जमणार नाही. दोन. फेब्रुवारी आणि मार्च. एप्रिलमध्ये लग्नसराई असते, मोठ्यांना मागणी असते, तेव्हा पोटाला चिमटा कोणी काढणार नाही. त्या दोन महिन्यांचं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घालून बघा आणि काय येतं ते खरं सांगा. वाईट आलं तरी सांगा. आणि मोजताना दर वेळी आमच्यातल्या दोघी असतील. मॅडमना सांग, आम्ही फुकट मोजणार नाही.

आईला सगळी पत्रं वाचून दाखवली, पहिल्यापासून. नवव्या दिवसाचं आलं तिथे मी थांबले. ती म्हणाली, "पुढे वाच."

शेवटचंही वाचून झालं. मग आईने विचारलं, मंगळवारी पाणी परत चढायला कधी लागेल. मी सांगितलं, साडेसातनंतर. म्हणाली, म्हणजे दहापर्यंत मोकळा होईल. म्हणाली, मग पाय धुवायला इथेच येऊ दे, त्या पलीकडच्या बाजूला नळ नाही.

कल्पिता